बॅकस्लॅशची कुळकथा

प्रोग्रॅममध्ये वापरायचा मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये लिहिण्याची रीत बहुतेक सगळ्या संगणकभाषांमध्ये आहे. या रीतीत एक अडचण पहिल्यापासून आहे. ज्या चिन्हाने मजकूर संपतो तेच चिन्ह मजकुरात हवे असेल तर ते कसे लिहायचे? आणि नवी ओळ, टॅब, घंटी अशी जी चिन्हे कागदावर दिसतच नाहीत, ती अवतरणांत कशी बसवायची? सी भाषेने यावर काढलेला तोडगा आज बहुतेक भाषांनी उचललेला आहे. मजकुरात बॅकस्लॅश (\) आला की कंपायलरने पुढचे अक्षर जसेच्या तसे घ्यायचे नाही, त्याचा ठरलेला वेगळा अर्थ घ्यायचा. बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ, बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब, बॅकस्लॅश-अवतरण म्हणजे साधे अवतरण, आणि दोन बॅकस्लॅश म्हणजे एक बॅकस्लॅश.

एका चिन्हाने पुढच्या चिन्हांचा अर्थ बदलायचा, ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. एमिल बोदो या फ्रेंच अभियंत्याच्या तारयंत्रात प्रत्येक अक्षराला पाच बिटांचा संकेत होता. पाच बिटांत बत्तीसच संकेत बसतात, आणि अक्षरे, अंक व विरामचिन्हे मिळून बत्तिसांपुढे जातात. म्हणून दोन संकेत राखून ठेवलेले होते. एक आला की पुढचे सगळे संकेत अक्षरे म्हणून वाचायचे, दुसरा आला की अंक आणि चिन्हे म्हणून. वाटेत हा एक संकेत गळाला तर पुढचा सगळा संदेश वेडावाकडा उमटे. बॅकस्लॅशची मात्रा एकाच अक्षरापुरती किंवा मोजक्या अंकांपुरती चालते, हा त्याचा मोठा गुण बोदोच्या पद्धतीशी ताडून पाहिला की लक्षात येतो.

सुरुवातीच्या संगणकभाषांनी ही वाट धरली नाही. १९५७ च्या फोरट्रानमध्ये मजकूर लिहिताना आधी त्यातली अक्षरे मोजायची, तो आकडा लिहायचा, पुढे एच हे अक्षर आणि मग मजकूर. ‘हॅलो, वर्ल्ड’ हे रोमन लिपीत लिहिले तर स्वल्पविराम आणि मोकळी जागा धरून बारा अक्षरे होतात, म्हणून आधी १२ आणि मग एच. पंचकार्डांचे जनक हर्मन हॉलरिथ यांच्या आडनावाचे ते आद्याक्षर. या पद्धतीत अवतरण लागतच नाही, त्यामुळे बॅकस्लॅशसारख्या अर्थ बदलणाऱ्या चिन्हाची, म्हणजे एस्केपचीही, गरज नाही. मजकुरात काहीही आले तरी कंपायलरला फक्त मोजायचे असते. तर्काच्या दृष्टीने ही रीत निर्दोष आहे. दोष माणसाच्या मोजणीत होता. मोजणी एकाने चुकली की मजकुराचे शेवटचे अक्षर तुटे, नाहीतर पुढच्या विधानाचा एक तुकडा मजकुरात ओढला जाई. फोरट्रान ७७ ने एकेरी अवतरणांची सोय केली आणि मजकुरातले अवतरण दोनदा लिहायला सांगितले. पास्कल आणि एसक्यूएल यांनीही दोनदा लिहिण्याचीच रीत ठेवली. तिच्याने अवतरणाचा प्रश्न सुटतो, पण अदृश्य चिन्हांचा तसाच राहतो.

बॅकस्लॅश हे चिन्ह संगणकांच्या सार्वत्रिक संकेतमालेत आले ते वेगळ्याच कामासाठी. आयबीएममधले बॉब बेमर यांनी सप्टेंबर १९६१ मध्ये ते सुचवले. त्यांच्या डोळ्यांसमोर अल्गॉल भाषा होती. तिच्यात ‘आणि’ व ‘किंवा’ या तार्किक क्रियांसाठी टोपी आणि उलटी टोपी अशी दोन चिन्हे होती, आणि कोणत्याही कळफलकावर ती नव्हती. साधी तिरकी रेघ होतीच. तिला उलट्या बाजूला झुकलेली जोडीदारीण मिळाली तर /\ आणि \/ अशी दोन्ही चिन्हे जुळवता येतात, असा हिशेब होता. १९६३ च्या आस्की मानकात बॅकस्लॅशला ९२ हा क्रमांक मिळाला. अल्गॉलसाठी त्याचा उपयोग फारसा झाला नाही. कामाविना कळफलकावर पडून असलेले चिन्ह पुढे दुसऱ्यांनी उचलले.

बेमर यांच्या खात्यावर आस्कीतले आणखी एक चिन्ह आहे, २७ क्रमांकाचे एस्केप. ते आले की पुढच्या संकेतांचा नेहमीचा अर्थ सोडून दुसरा घ्यायचा, असे त्याचे काम. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातली कळ त्याचीच. सी भाषेच्या मानकात नव्या ओळीला, टॅबला, घंटीला बॅकस्लॅशची स्वतंत्र जोडी आहे, पण खुद्द एस्केप या चिन्हाला नाही. बॅकस्लॅश-ई ही जोडी काही कंपायलर स्वीकारतात, मानक मात्र तिला ओळखत नाही. म्हणून टर्मिनलवर रंगीत अक्षरे उमटवणारा प्रोग्रॅमर आजही \०३३ असे अष्टमान आकड्यातच लिहितो. बेमर यांच्या एका चिन्हाने दुसरे लिहायचे तर असा वळसा घालावा लागतो.

मजकुरात एक राखीव चिन्ह ठेवून त्यापुढच्या अक्षराला नवा अर्थ देण्याची रीत सी भाषेकडे आली ती केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेतून. १९६७ मध्ये तिचा पहिला कंपायलर तयार झाला. तिथे राखीव चिन्ह बॅकस्लॅश नव्हते, तारा (*) होते. *एन म्हणजे नवी ओळ, *टी म्हणजे टॅब, *एस म्हणजे मोकळी जागा, आणि ** म्हणजे खराखुरा तारा. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी बीसीपीएल आटवून बी भाषा केली, तेव्हा तारा तसाच ठेवला. बी भाषेत *ई हे मजकूर संपल्याचे चिन्ह होते, आणि *( व *) यांनी महिरपी कंस लिहिता येत, कारण त्या काळच्या अनेक कळफलकांवर महिरपी कंस नव्हते.

ब्रायन कर्निगन यांनी बी भाषेसाठी लिहिलेल्या प्राथमिक पाठात ‘हॅलो, वर्ल्ड’ छापणारा प्रोग्रॅम आहे. तो पाठ ज्या यंत्रासाठी होता, त्याच्या छत्तीस बिटांच्या एका शब्दात चारच अक्षरे मावत. म्हणून रोमन लिपीतल्या त्या मजकुराचे चार-चार अक्षरांचे तीन तुकडे करून ते एकामागून एक छापले आहेत, आणि शेवटी उद्गारचिन्ह व *एन. पुढच्या काही वर्षांत सी भाषेच्या पाठात हाच मजकूर अखंड झाला आणि शेवटचे *एन जाऊन तिथे बॅकस्लॅश-एन आले. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्याच पानावर जो प्रोग्रॅम भेटतो, त्याच्या शेपटीला असलेली ही दोन अक्षरे तिथून चालत आलेली आहेत.

ताऱ्याऐवजी बॅकस्लॅश का, हे समजण्यासाठी भाषेपेक्षा टर्मिनलकडे पाहणे उपयोगाचे आहे. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांच्या मल्टिक्स प्रकल्पात टर्मिनलवर टाइप करण्याचे नियम ठरलेले होते. # दाबले की मागचे अक्षर रद्द, @ दाबले की अख्खी ओळ रद्द. मग खरोखरच # लिहायचे असेल तर? त्याच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा. कळफलकावर नसलेले अक्षर हवे असेल तर बॅकस्लॅश आणि तीन अष्टमान अंक. बेल लॅब्ज १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली, पण थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हाताला या सवयी लागलेल्या होत्या. युनिक्सच्या टर्मिनल-ड्रायव्हरने त्या जवळजवळ जशाच्या तशा घेतल्या. त्या वेळी सर्रास वापरले जाणारे टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र फक्त मोठ्या लिपीत छापे. त्यावर सगळे टाइप केलेले लहान लिपी समजले जाई, आणि मोठे अक्षर हवे असेल तर आधी बॅकस्लॅश मारावा लागे. महिरपी कंसासाठी बॅकस्लॅश आणि गोल कंस, म्हणजे बी भाषेतलीच जोडी, फक्त तारा जाऊन बॅकस्लॅश. जो माणूस दिवसभर टर्मिनलवर बॅकस्लॅश मारून चिन्हांचे अर्थ बदलत होता, त्याने नव्या भाषेत तेच चिन्ह घेतले यात नवल नाही. जो ओसाना यांच्या ट्रॉफ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्येही ओळीच्या मधल्या आज्ञा बॅकस्लॅशनेच सुरू होत.

नवी ओळ एका चिन्हात मावते हीसुद्धा मल्टिक्सची देणगी. टेलिटाइपला ओळ बदलण्यासाठी दोन संकेत लागत, गाडी डावीकडे परत नेणारा आणि कागद एक ओळ वर सरकवणारा. मल्टिक्सने मजकुरात फक्त दुसरा ठेवला, क्रमांक १०, आणि पहिला जोडण्याचे काम यंत्राकडे लिहिणाऱ्या ड्रायव्हरवर सोपवले. युनिक्सने ते उचलले, म्हणून सी भाषेत नवी ओळ हे एकच अक्षर आहे.

कंपायलर ही बॅकस्लॅशची जोडी सोडवतो कशी, हे पाहायला १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत आलेला सी कंपायलर चांगला आहे, कारण त्यात हे सारे काम एका छोट्या फंक्शनमध्ये उरकलेले आहे. ते एकेक अक्षर वाचते. मजकूर बंद करणारे अवतरण आले तर उणे एक परत करते, म्हणजे बोलावणाऱ्याला कळते की मजकूर संपला. अवतरण बंद होण्याआधीच ओळ संपली तर चूक दाखवते. बॅकस्लॅश आला तर पुढचे अक्षर उचलते आणि ते कोणते आहे त्यानुसार फाटे फुटतात. टी असेल तर टॅब, एन असेल तर नवी ओळ, बी असेल तर एक घर मागे. ० ते ७ यांपैकी अंक असेल तर जास्तीत जास्त तीन अंक घेऊन त्यांचा अष्टमान आकडा बनवते. आकडा कुठे संपला हे कळायला एक अक्षर जास्तीचे वाचावे लागते, ते पुढच्या खेपेसाठी बाजूला ठेवून देते. बॅकस्लॅशनंतर लगेच ओळ संपत असेल तर दोन्ही गिळून मजकूर पुढच्या ओळीवर चालू ठेवते. आणि यांपैकी काहीच नसेल तर ते अक्षर नुसतेच परत करते. बॅकस्लॅश-अवतरण आणि दुहेरी बॅकस्लॅश यांना वेगळा फाटा लागत नाही, ते या शेवटच्या नियमातच बसतात.

आता एन या फाट्याकडे जरा निरखून पाहावे. तिथे परत काय करायचे लिहिले आहे? अवतरणात बॅकस्लॅश-एन. हा कंपायलर सी भाषेतच लिहिलेला आहे, आणि नवी ओळ म्हणजे काय हे सांगायला त्याने नवी ओळ हाच शब्द वापरला आहे. तिचा क्रमांक १० आहे हे त्या फंक्शनमध्ये कुठेच नाही. तरीही कंपायलर बरोबर चालतो, कारण या कंपायलरचा सोर्स ज्या आधीच्या कंपायलरने मशीन कोडमध्ये उतरवला, त्याला १० हा आकडा माहीत होता. त्याला तो त्याच्या आधीच्याने दिला. सोर्स कोडात नसलेली माहिती एका बायनरीकडून दुसरीकडे जात राहते.

केन थॉम्पसन यांनी नेमके हेच उदाहरण आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानासाठी निवडले. १९८३ चा तो पुरस्कार त्यांना आणि रिची यांना मिळून मिळाला, आणि व्याख्यान ऑगस्ट १९८४ मध्ये छापले गेले. समजा, कंपायलरला उभा टॅब, म्हणजे बॅकस्लॅश-व्ही, शिकवायचा आहे. सोर्समध्ये थेट ‘व्ही आल्यास बॅकस्लॅश-व्ही परत कर’ असे लिहिले तर जुना कंपायलर अडतो, कारण त्याला ती जोडी ठाऊक नाही. म्हणून एकदाच, ‘व्ही आल्यास ११ परत कर’ असे लिहायचे. त्यातून नवा कंपायलर तयार झाला की तो आकडा पुसून तिथे बॅकस्लॅश-व्ही लिहायचे, आणि नव्या कंपायलरने हा सोर्स पुन्हा कंपाइल करायचा. यानंतर ११ हा आकडा सोर्समध्ये शोधून सापडणार नाही, पण कंपायलर तो कधी विसरणार नाही. थॉम्पसन यांचा पुढचा मुद्दा सुरक्षेचा होता: ११ हा आकडा असा लपून राहू शकतो, तर लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये चोरवाट ठेवणारा कोडही याच मार्गाने लपवता येईल, आणि सोर्स कितीही वाचला तरी तो दिसणार नाही. संगणक-सुरक्षेच्या वाङ्मयात हे व्याख्यान पायाभूत मानले जाते. त्याची पहिली पायरी मात्र बॅकस्लॅशची आहे, हे अनेकदा विसरले जाते.

सगळेच कंपायलर असे आकडा लपवत नाहीत. जीसीसीमध्ये एक छोटी सारणी आहे. त्यात घंटी ७, नवी ओळ १०, टॅब ९ असे आकडे सरळ लिहिलेले आहेत, आणि शेजारीच आयबीएमच्या एबसिडिक संकेतमालेसाठी दुसरी ओळ आहे, जिथे नव्या ओळीचा आकडा २१ आहे. सी ज्या यंत्रांवर चालते ती सगळी आस्कीची नाहीत, त्यामुळे हा प्रश्न त्या कंपायलरला टाळता आला नाही. याउलट रस्ट भाषेचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे, आणि त्यात पुन्हा तीच स्थिती आहे: एन म्हणजे बॅकस्लॅश-एन. त्याचा अगदी पहिला अवतार ग्रेडन होअर यांनी ओकॅमल भाषेत लिहिला होता. ओकॅमलच्या स्वतःच्या कंपायलरमध्ये एनसमोर \०१० असा आकडा आहे. सी भाषेची सवय असलेला वाचक इथे ठेचकाळतो, कारण सी भाषेत \०१० म्हणजे अष्टमान दहा, अर्थात आठ. ओकॅमलमध्ये हे तीन अंक दशमान असतात.

सी भाषेने अष्टमान निवडले त्याला कारण यंत्रे होती. बी भाषा ज्या पीडीपी-७ वर घडली त्याचा शब्द अठरा बिटांचा, म्हणजे बरोबर सहा अष्टमान अंकांचा, आणि डिजिटल इक्विपमेंट कंपनीची माहितीपुस्तके तर अष्टमानातच लिहिलेली असत. अष्टमान रूपाला तीन अंकांची मर्यादा असल्याने ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण पूर्ण नाही. शून्य हे अक्षर आणि त्यापुढे मजकुरातला १२ हा आकडा लिहायला जावे तर \०१२ होते, आणि अष्टमान १२ म्हणजे १०, अर्थात नवी ओळ.

१९८९ च्या अमेरिकन मानकाने सी भाषेला बॅकस्लॅश-ए ही घंटी आणि बॅकस्लॅश-एक्स हे षोडशमान रूप दिले. षोडशमान रूपाला मात्र अंकांची मर्यादाच ठेवली नाही. कंपायलर षोडशमान अंक मिळतील तोवर गिळत जातो. घंटी षोडशमान रूपात लिहून पुढे इंग्रजी ‘फेस’ हा शब्द छापायचा असेल, तर त्यातली एफ, ए, सी, ई ही चारही अक्षरे षोडशमान अंक आहेत. कंपायलर तो अख्खा शब्द आकड्यात ओढतो, आणि इतका मोठा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही म्हणून तक्रार करतो. यावरचा उपाय त्याच मानकात आहे. मजकुराचे दोन तुकडे स्वतंत्र अवतरणांत शेजारी शेजारी लिहिले की कंपायलर ते जोडतो. मानकाने कंपायलरचे काम क्रमवार टप्प्यांत बांधून दिले आहे. पाचव्या टप्प्यात एस्केप सोडवायचे आणि सहाव्यात शेजारचे तुकडे जोडायचे. तुकडे जोडले जाण्याआधीच घंटीचा आकडा ठरून गेलेला असतो, म्हणून पुढचा शब्द वाचतो. हा क्रम उलटा असता तर तुकडे करण्याचा काहीच उपयोग झाला नसता.

मानक घडत असताना आणखी एक पेच समोर आला, आणि त्याचे मूळ पुन्हा आस्कीत होते. आस्कीवरून बेतलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने काही क्रमांक प्रत्येक देशाला आपल्या अक्षरांसाठी मोकळे सोडले होते, आणि ९२ त्यांपैकी एक. जर्मनी आणि स्वीडनमध्ये तिथे डोक्यावर दोन टिंबे असलेला ओ आला, फ्रान्समध्ये शेपटीचा सी, जपानमध्ये येनचे चिन्ह, कोरियात वॉनचे. जर्मन पडद्यावर प्रत्येक नव्या ओळीच्या जागी जर्मन ओ आणि त्यापुढे एन दिसे. कंपायलरला काही फरक पडत नव्हता, त्याला ९२ दिसत होता. त्रास वाचणाऱ्या माणसाला होता. समितीने तीन चिन्हांच्या जोडण्या काढल्या. ??/ म्हणजे बॅकस्लॅश, आणि अशा एकूण नऊ. पण मग चुकून दोन प्रश्नचिन्हे आणि तिरकी रेघ कुणी मजकुरात लिहिली तर तिचा बॅकस्लॅश होऊ नये, म्हणून प्रश्नचिन्हासाठीही बॅकस्लॅशची एक जोडी द्यावी लागली. एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध देण्यातला हा प्रकार होता. सी++ ने २०१७ मध्ये या जोडण्या काढून टाकल्या. आयबीएमने विरोध केला होता, कारण तिच्या एबसिडिक यंत्रांवर त्या खरोखर वापरात होत्या. पुढे सी भाषेनेही त्या सोडल्या.

जपानमध्ये गोष्ट पडद्यावरच्या चिन्हापुरती राहिली नाही. तिथली शिफ्ट-जेआयएस ही संकेतमाला बहुतेक अक्षरांना दोन बाइट देते, आणि दुसरा बाइट ९२ असू शकतो. कातकाना लिपीतले ‘सो’ हे अक्षर असेच आहे, आणि ‘तक्ता’ या अर्थाचे रोजच्या वापरातले चित्राक्षरही. ज्या कंपायलरला दोन बाइटांचा हिशेब ठाऊक नाही, तो अक्षराचा अर्धा भाग बॅकस्लॅश समजतो आणि पुढच्या अक्षराचा अर्थ बदलतो. ते अक्षर मजकुराच्या शेवटी असेल तर बंद करणारे अवतरणच निष्प्रभ होते आणि पुढचा प्रोग्रॅम मजकूर म्हणून वाचला जातो. चूक मग भलत्याच ओळीवर दिसते. जपानी प्रोग्रॅमर अशा अक्षरांच्या पुढे मुद्दाम एक बॅकस्लॅश जोडत असत.

देवनागरीवर हा प्रसंग ओढवला नाही, याचे श्रेय पुन्हा थॉम्पसन यांच्याकडे जाते. सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांनी आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची रचना केली. न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात रात्री जेवताना टेबलावरच्या कागदावर ती मांडली गेली, असे पाइक यांनी लिहून ठेवले आहे. तिच्यात आस्कीबाहेरच्या अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, त्यामुळे ९२ कुठल्याही अक्षराच्या पोटात सापडत नाही. देवनागरी ‘अ’ तीन बाइटांचा आहे. सी भाषेत तो अष्टमानाने \३४०\२४४\२०५ असा लिहिता येतो, आणि अवतरणात नुसता अ लिहिला तरी जुना, युनिकोडचे नावही न ऐकलेला कंपायलर ते तीन बाइट मुकाट्याने पुढे पाठवतो.

जावाने दुसरा मार्ग घेतला. १९९५ मध्ये आलेल्या या भाषेत बॅकस्लॅश-यू आणि चार षोडशमान अंक म्हणजे एक युनिकोड संकेत. पण हे रूपांतर मजकुरापुरते नाही. सोर्स वाचताना, शब्द सुटे होण्याच्याही आधी, ते सगळीकडे केले जाते. याचे परिणाम चमत्कारिक आहेत. अवतरणाचा क्रमांक या रूपात मजकुरात लिहिला तर मजकूर तिथेच संपतो. नव्या ओळीचा लिहिला तर ओळ मोडते आणि कंपायलर चूक दाखवतो. हे रूपांतर टिप्पणीतही चालते. विंडोजवरच्या ‘यूजर्स’ या फोल्डरचा पत्ता लहान लिपीत नुसता टिप्पणीत लिहिला तरी प्रोग्रॅम कंपाइल होत नाही, कारण बॅकस्लॅशनंतर लहान यू आला आहे आणि पुढे षोडशमान अंक नाहीत. टिप्पणी माणसासाठी असते ही समजूत इथे कामाला येत नाही.

मराठीत सॉफ्टवेअर उतरवणाऱ्यांना या रूपाची ओळख दुसऱ्या बाजूने झाली. जावाच्या प्रोग्रॅमचे संदेश ज्या प्रॉपर्टीज फायलींमध्ये ठेवले जातात, त्या २०१७ मधल्या नवव्या आवृत्तीपर्यंत पश्चिम युरोपीय लॅटिन-१ संकेतमालेत वाचल्या जात. देवनागरीला तिच्यात जागा नाही. म्हणून भाषांतर झाल्यावर ती फाइल एका साधनातून काढून प्रत्येक चिन्हाचे बॅकस्लॅश-यू रूप करावे लागे. काना आणि वेलांटी यांनाही स्वतंत्र संकेत असल्याने ‘मराठी’ हा शब्द पाच संकेतांचा, आणि प्रत्येकाला सहा अक्षरे. म्हणजे फाइलीत तीस अक्षरे, ज्यांत एकही देवनागरी नाही. अशा फाइलीत शुद्धलेखन तपासणे अशक्यच होते.

बॅकस्लॅशचा सर्वांत मोठा झगडा मात्र डॉसशी झाला. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते, आणि साधी तिरकी रेघ आज्ञेचे पर्याय सांगायला वापरली जाई. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा युनिक्सची तिरकी रेघ आधीच अडकलेली होती, म्हणून उलटी घेतली गेली. तेव्हापासून ‘न्यू’ किंवा ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरचा पत्ता मजकुरात लिहिणारा नवशिका हमखास फसतो. बॅकस्लॅश आणि न्यूचा एन मिळून नवी ओळ होते, टेम्पच्या टीचा टॅब होतो. फाइल सापडत नाही, आणि कंपायलर काही बोलत नाही, कारण त्याच्या मते सगळे नियमात आहे.

मजकुरात नमुने शोधण्यासाठी लिहितात त्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये हाच गुंता दुप्पट होतो. तिथेही बॅकस्लॅशला विशेष अर्थ आहे, आणि तो कंपायलरच्या अर्थाहून स्वतंत्र आहे. एक खराखुरा बॅकस्लॅश शोधायचा तर रेग्युलर एक्स्प्रेशनला दोन लागतात, आणि ते दोन कंपायलरच्या हातून सुखरूप पोचायला चार लिहावे लागतात. यावर अनेक भाषांनी कच्च्या मजकुराची सोय केली, ज्यात बॅकस्लॅशला अर्थच नसतो. सी# मध्ये त्यासाठी आधी @ लावतात, पायथनमध्ये आर, तर गोमध्ये उलटे एकेरी चिन्ह वापरतात. पायथनच्या कच्च्या मजकुरातही शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही, तो बंद करणाऱ्या अवतरणाला चिकटतो. सी++ ने २०११ मध्ये ही सोय आणली तेव्हा मानकाच्या टप्प्यांनी तिची वाट अडवली. ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅश दुसऱ्याच टप्प्यात गिळला जातो, आणि मजकूर कच्चा आहे हे कळते तिसऱ्यात. तेव्हा मानकाला असे लिहावे लागले की कच्चा मजकूर सापडल्यावर आधीच्या टप्प्यांत केलेले बदल परत फिरवावेत.

या साऱ्या रचनेतली खरी चूक कोणती, असे विचारले तर बोट बॅकस्लॅशकडे नाही, त्या जुन्या फंक्शनच्या शेवटच्या नियमाकडे जाते. ओळखीचे नसलेले अक्षर आले तर ते नुसतेच परत करायचे. १९७८ मध्ये कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकानेही तेच सांगितले: अशा वेळी बॅकस्लॅशकडे दुर्लक्ष करावे. तेव्हा ही सवलत सोयीची वाटली असेल, पण तिच्यामुळे पुढे नवी जोडी आणणे अवघड झाले, कारण कुणीतरी ती आधीच निरर्थकपणे लिहून ठेवलेली असते. नंतरच्या सी मानकाने लहान लिपीतली उरलेली अक्षरे भविष्यासाठी राखून ठेवली आणि कंपायलर इशारा देऊ लागले. पायथनने उलटे केले. अनोळखी जोडीतला बॅकस्लॅश त्याने मजकुरातच राहू दिला. त्यामुळे रेग्युलर एक्स्प्रेशन काही ठिकाणी नशिबाने चालत राहिली आणि काही ठिकाणी नाही. २०१६ पासून पायथन याबद्दल दबक्या आवाजात इशारा देत होता, २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत तो सर्वांना दिसेल असा झाला. गो आणि रस्ट या नव्या भाषांनी सुरुवातीपासूनच अनोळखी जोडीला चूक ठरवले.

जोड्यांची यादी अजून वाढतेच आहे. २०२० मध्ये जावाच्या पंधराव्या आवृत्तीत अनेक ओळींचा मजकूर आला, तेव्हा ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटल्या जाऊ नयेत म्हणून बॅकस्लॅश-एस ही जोडी दिली गेली. मोकळ्या जागेसाठी एस हे अक्षर बीसीपीएलमध्ये ताऱ्यापुढे होतेच, सी भाषेने ते गाळले होते. आणि सी++ च्या २०२३ च्या मानकाने अष्टमान, षोडशमान व युनिकोड या तिन्ही रूपांना महिरपी कंसांची जोड दिली. आकडा कुठे संपतो हे आता लिहिणाराच सांगतो, त्यामुळे घंटीपुढे ‘फेस’ लिहायला मजकुराचे तुकडे करावे लागत नाहीत.